प्रभू येईल तेव्हा आपण काय करत असावं

कुठे युद्ध पेटलं, भूकंप झाला, ग्रहण आलं की लगेच मोबाईलवर व्हिडिओ यायला लागतात. मागे ढगांचा गडगडाट, लाल अक्षरात प्रकटीकरणातलं, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, एखादं वचन, आणि शेवटी 'हे दहा जणांना पाठवा'. मी विश्वासणारी आहे, प्रभू येशू पुन्हा येणार हे मी मनापासून मानते, आणि म्हणूनच मला या व्हिडिओंचा जास्त त्रास होतो, कारण जी वचनं धीर द्यायला लिहिली गेली तीच माणसांना घाबरवायला वापरली जातायत.

आणि सगळ्यात जास्त घाबरतात ती लहान मुलं. संडे स्कूलच्या माझ्या वर्गातली एक मुलगी एकदा सगळे गेल्यावर मागे थांबली आणि हळूच म्हणाली, टीचर, मी शाळेतून घरी आले आणि घरात कोणीच नसलं तर काय समजायचं? तिला वाटायचं आईबाबांना प्रभूने वर उचलून नेलं आणि आपण एकटेच मागे राहिलो. घरात शिरल्या शिरल्या ती आधी आईची पर्स जागेवर आहे का बघायची. असा अनुभव लहानपणी आलेली मोठी माणसंही मला भेटलीत, कितीतरी वर्षं कोणाशी बोललेली नसतात.

मग मी तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघींनी थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय काढला, कारण ही 'उचलले जाण्याची' गोष्ट मुख्यतः तिथूनच येते. प्रेषित पौलाने हे पत्र थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांना, साधारण इ.स. 50 च्या आसपास लिहिलं. त्या मंडळीतली काही माणसं वारली होती आणि मागे राहिलेले रडत होते, की प्रभू येईल तेव्हा आमची गेलेली माणसं मुकणार की काय. पौल त्यांना सांगतो की नाही, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग जिवंत असलेले आपण त्यांच्याबरोबरच ढगांत घेतले जाऊ आणि सगळे सदासर्वदा प्रभूजवळ राहू. आणि अध्यायाचं शेवटचं वचन म्हणजे 18 वं, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. सांत्वन! व्हिडिओवाले 17 व्या वचनालाच थांबतात.

आता यात मतभेद आहेत हेही मान्य करायला हवं. येशू जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल, एवढं 325 सालच्या निकिया विश्वासांगीकारात, म्हणजे मंडळीने एकत्र येऊन ठरवलेल्या श्रद्धेच्या कबुलीत, आहे आणि त्यावर जवळजवळ सगळ्या मंडळ्यांचं एकमत आहे. भांडण पुढच्या तपशिलावर. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातलं हजार वर्षांचं राज्य म्हणजे मंडळीचा आत्ताचाच काळ, असं जुन्या काळातले धर्मपंडित ऑगस्टीन यांच्यापासून कितीतरी जण वाचत आलेत, कॅथलिक आणि अनेक प्रोटेस्टंटसुद्धा. दुसरे म्हणतात प्रभू आधी येईल आणि मग अक्षरशः हजार वर्षं राज्य करेल. आणि शेवटच्या काळातल्या मोठ्या संकटाच्या आधीच मंडळी गुपचूप उचलली जाईल ही शिकवण आज इतकी ऐकू येते की ती पहिल्यापासून तशीच होती असं वाटतं, पण ती 1830 च्या दशकापासून जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकामुळे पसरली आणि 1909 मध्ये आलेल्या स्कोफील्ड यांच्या टीपांच्या बायबलने घराघरात पोहोचली. मानणाऱ्यांनी मानावी, माझ्या जवळच्या मैत्रिणी मानतात आणि आम्ही एकत्र प्रार्थना करतो. फक्त ती न मानणारा अविश्वासू असं कोणी म्हणू नये.

तारखा काढणं मात्र मला अजिबात मान्य नाही. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याने बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकातल्या 2300 दिवसांचा हिशोब मांडला आणि त्याच्या चळवळीत शेवटी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख ठरली. काहींनी शेतातलं पीकच काढलं नाही, कशाला काढायचं म्हणून. तो दिवस गेला, रात्र गेली, आणि इतिहासात त्याला 'महानिराशा' असं नाव पडलं. दक्षिण कोरियात 28 ऑक्टोबर 1992 ही तारीख सांगितली गेली, लोकांनी नोकऱ्या सोडल्या, मालमत्ता विकली, आणि ज्याने ती तारीख सांगितली त्या ली जांग रिमने स्वतः 1993 मध्ये मुदत संपणारे बाँड घेऊन ठेवले होते, फसवणुकीसाठी तुरुंगात गेला तो. अमेरिकेतला रेडिओ उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंगने 21 मे 2011 सांगितली, मग 21 ऑक्टोबर. पुढच्या वर्षी त्याने हे चुकलं आणि हे पाप होतं असं कबूल केलं, पण ज्यांची जमापुंजी जाहिरातींत गेली ती गेलीच. आणि हे सगळं कशाच्या विरोधात? मत्तय 24:36 मध्ये येशू स्वतः सांगतो की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच माहीत नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही. यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं?

मग तयारी म्हणजे काय, तर त्याचं उत्तर येशूने तिथेच लगेच दिलंय, पण आपण चोविसाव्या अध्यायातली युद्धं आणि भूकंप वाचतो आणि पुस्तक मिटतो. त्याच अध्यायाच्या शेवटी एक दास आहे. धन्याने त्याला घरातल्या इतरांना वेळेवर जेवण द्यायचं काम दिलंय, आणि धनी येतो तेव्हा तो तेच करताना सापडतो. आकाशाकडे बघत उभा नाही, धनी कधी येणार याची गणितं मांडत नाही, लोकांच्या पानात वाढतोय. आणि वाईट दास कोण, जो म्हणतो धन्याला उशीर आहे आणि सोबतच्या दासांना मारायला लागतो. म्हणजे आपल्या हाताखालच्या, आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसांशी आपण कसे वागतो यावर सगळं आलं.

लगेच पुढे दहा कुमारींचा दृष्टान्त. यात एक गोष्ट आपण नेहमी विसरतो, झोप दहाहीजणींना लागली होती, शहाण्यांनासुद्धा! शहाण्या पाचजणी भीतीने डोळे ताणून जाग्या राहिल्या असं तिथे कुठेच नाहीये, त्यांच्याकडे जास्तीचं तेल होतं एवढंच, आणि ते ऐनवेळी दुसरीकडून उसनं मिळत नाही. माझ्यासाठी त्याचा अर्थ रोजचं चालणं, म्हणजे प्रार्थना, वचन, क्षमा मागणं, क्षमा करणं, ज्या भावाशी बोलणं बंद आहे त्याला आजच फोन करणं. हे कोणी दुसरा आपल्यासाठी करू शकत नाही आणि शेवटच्या आठवड्यात उरकूनही होत नाही. आणि पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी तर न्यायाच्या वेळी प्रभूच्या उजवीकडे उभ्या केलेल्या लोकांना आपण तयार होतो हेच माहीत नाही, ते विचारतात प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेला पाहिलं?

घरात थोडं धान्य, पाणी, औषधं ठेवावीत का, असंही विचारतात. ठेवा की, पूर येतो, आजारपण येतं, बायबलमधल्या योसेफानेही मिसरात सात वर्षं धान्य साठवलं, पण ते त्याने दुष्काळात सगळ्या देशाला जगवायला साठवलं होतं. दाराला कडी लावून एकट्याने खायला नव्हे.

श्वापदाच्या खुणेबद्दल, म्हणजे प्रकटीकरणातल्या देवविरोधी श्वापदाची खूण आणि त्याचा 666 हा आकडा याबद्दल थोडंसं, कारण हा प्रश्न सतत येतो. बारकोड झाला, क्रेडिट कार्ड झालं, लस झाली, प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणालं हेच ते 666. पण प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय त्या आकड्यावर संपला की चौदाव्याच्या पहिल्याच वचनात कोकऱ्याबरोबर, म्हणजे येशूबरोबर, 1,44,000 लोक उभे आहेत आणि त्यांच्याही कपाळावर नाव लिहिलंय, कोकऱ्याचं आणि त्याच्या पित्याचं. दोन्ही खुणा शेजारी शेजारी ठेवल्यात योहानाने. प्रश्न तू कोणाचा आहेस, कोणापुढे गुडघे टेकतोस हा आहे. न कळता कोणी सुई टोचली आणि आपण नरकात गेलो असं ते प्रकरणच नाहीये, तिथे सगळा भर उपासनेवर आहे.

थेस्सलनीकात पुढे काय झालं तेही बघा. दुसऱ्या पत्रात पौलाला लिहावं लागलं की प्रभूचा दिवस आलाच आहे असं आमच्या नावाने पत्र जरी आलं तरी घाबरून जाऊ नका. म्हणजे खोटे फॉरवर्ड तेव्हाही होते. काही जण कामधंदा सोडून नुसते फिरत होते, त्यांनाही तो सांगतो की शांतपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा.

म्हणून तुमच्या ओळखीत कोणी एखादी तारीख धरून बसलं असेल तर त्याला हसू नका. 1844 च्या त्या लोकांना दुसऱ्या दिवसापासून रस्त्यात टोमणे ऐकावे लागले, त्यातल्या कितीकांचा विश्वासच गेला. त्याच्याबरोबर बसा, दुसऱ्या थेस्सलनीकाकरांचा दुसरा अध्याय एकत्र वाचा, राजीनामा दिलाय का, कुठे पैसे भरलेत का हे प्रेमाने विचारा. तो ऐकणार नाही कदाचित. तरी ती तारीख लिहून ठेवा आणि तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी जा.