75.3, राखीचा दुसरा दिवस

10 ऑगस्ट 2025, रविवार, रात्रीचे साडेनऊ

सकाळी उठल्याउठल्या काट्यावर उभी राहिली. 75.3. मागच्या रविवारी 74.8 होतं. अर्धा किलोच, पण आठवडाभर पहाटे छत्री घेऊन चालली, रात्रीचं जेवण सातच्या आत आटोपलं, ऑफिसात दोन वाढदिवस झाले तिथल्या केकला हात नाही लावला, आणि तरी आकडा वर गेला की छातीत काहीतरी येऊन बसते. आंघोळ होईपर्यंत कोणाशी बोलली नाही. ह्यांनी चहा करून समोर ठेवला, विचारलं काही नाही. माझा रविवारचा चेहरा त्यांना आता वाचता येते.

काल राखी होती. भाऊ आला होता, त्याला माझ्या हातचाच पाटोडीचा रस्सा पाहिजे असते, तो झणझणीतच करावा लागते, तेल सुटल्याशिवाय त्याला रस्सा वाटतच नाही. दोन भाकरी मीही खाल्ल्या, वर त्यानं आणलेल्या संत्रा बर्फीचे दोन तुकडे. मला खाल्ल्याचा पस्तावा नाही, भाऊ वर्षातून दोनदा येते. पण काट्यावर उभं राहिल्यावर हे सगळं डोक्यातून निघून जाते आणि एकच वाक्य उरते, होत नाही बाई आपल्याच्यानं.

हे वाक्य मी अडीच वर्षांपासून ऐकून राहिली आहे, म्हणून आज लिहायला बसली.

आमच्या डॉक्टर मॅडमनी मागे एकदा मला गणित करून दाखवलं होतं. एका लग्नात सावजी जेवून आली आणि दोन दिवसांत 1.8 किलो वाढलं म्हणून रडवेली होऊन त्यांच्याकडे गेली होती. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला लिहिलं, एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7700 कॅलरी. 1.8 किलो चरबी चढायला गरजेपेक्षा तेरा-चौदा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील, तेवढं तुम्ही एका पंगतीत खाल्लं का? नाही. मग ते काय आहे? मीठ आहे, मिठानं धरून ठेवलेलं पाणी आहे आणि पोटात असलेलं अन्न आहे. चार दिवस थांबा. चार दिवसांनी खरंच उतरलं. तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे. आज सकाळी परत वाचला. कागदानं रडू थांबत नाही, पण थोडं उशिरा येते, आणि तेवढ्या वेळात माणूस बूट घालून बाहेर पडू शकते.

सुरुवात जानेवारी 2023 ची. 86.4. माझी उंची पाच फूट दीड इंच. ऑफिसच्या तपासणीत तीन महिन्यांची शुगर, ती एचबीएवनसी, 6.3 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर. मला बाबांचा पाय आठवला. बाबांच्या अंगठ्याला चपलेचा साधा घट्टा झाला होता, शुगरमुळे तो भरलाच नाही, शेवटी अंगठा काढावा लागला. ड्रेसिंग मी करायची. त्या पांढऱ्या पट्टीचा वास मला अजून येते. लोक विचारतात काऊन एवढं करते, मी सांगत नाही, पण कारण ते आहे. साडी चांगली दिसावी हेही आहे, खोटं कशाला बोलू, पण ते कारण पहाटे पाचला उठवत नाही.

मॅडम म्हणाल्या साठ किलोचं स्वप्न आता बाजूला ठेवा, आहे त्या वजनाच्या सात टक्के कमी करा, म्हणजे सहा किलो, आणि आठवड्यातून दीडशे मिनिटं चाला, तेवढ्यानंही शुगरचा धोका खूप खाली येते. सहा किलो ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की हे जमू शकते.

आणि मग सल्ले सुरू झाले. आपल्या नागपुरात वजनाचा विषय निघाला की जिचकारसाहेबांचं नाव निघतेच. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेलं आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेलेलं ते दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मी ते मनापासून केलं, जवळपास चार महिने. पहिल्याच आठवड्यात 2.1 किलो गेलं आणि मी घरभर पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. त्यातलं बरंचसं पाणी असते हे नंतर कळलं. शरीर साखर साठवून ठेवते ती पाण्यासोबत साठवते, एका ग्रॅमला तीनेक ग्रॅम, आणि खाणं कमी केलं की आधी तो साठा रिकामा होते. म्हणून दुसऱ्या आठवड्यात 300 ग्रॅमच उतरलं तेव्हा मी खचली. हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून मी आता नवीन सुरू करणाऱ्या प्रत्येक बाईला पहिलं हेच सांगते.

पुढे ऑफिसच्या वेळा बदलल्या आणि दोन जेवणांचं ते वेळापत्रक माझ्याच्यानं निभलं नाही, मग तीनदा पण मोजून असं केलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वेळावाले आणि दर दोन तासांनी थोडं थोडं खाणारे अजून भांडत असतात. मला वाटते ज्याला जे दोनशेव्या दिवशीही करता येईल ते त्याचं. फक्त शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नका, हे मी हात जोडून सांगते.

सप्टेंबर 2023 पर्यंत 77.2 झालं होतं. नऊ किलोच्या वर. मी हवेत होती.

22 सप्टेंबर, शुक्रवार, घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसल्या होत्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण, वर फुलोरा बांधलेला, पन्नास माणूस जेवून गेलं. रात्री दोनच्या सुमारास पाऊस सुरू झाला तो थांबेचना. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला असं नंतर पेपरात आलं. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि आमच्या घरात आधी मोरीतून आणि मग दारातून पाणी आलं. लाइट गेलेले. ह्यांनी आईंना उचलून वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे नेलं, मी आणि पोरीनं मुखवटे आणि त्यांची बाळं छातीशी धरून जिना चढला. मागे वळून मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं तर पुरणाचं पातेलं झाकणासकट पाण्यावर तरंगत होतं, हळूहळू फिरत, फ्रिजकडे जाऊन राहिलं होतं.

त्यानंतरचं काय सांगू. महिनाभर चिखल उपसत होतो. गाद्या, कपाटं, पोरीची पुस्तकं सगळं गेलं. स्वयंपाकघर नव्हतंच, जो जे आणून देईल ते खायचं, समोसे, आलूबोंडे, पावकिलोभर चिवडा उभ्याउभ्या, आणि लोकांनी एवढ्या मायेनं आणलेलं असते की नाही म्हणताही येत नाही. रात्री झोप नाही, आभाळ गडगडलं की सगळे उठून बसायचो. झोप नसली की भूक जास्त लागते हे मी त्या दोन महिन्यांत अंगावर अनुभवलं. काटाही पाण्यात गेला होता आणि खरं सांगायचं तर नवीन घ्यायची माझी हिंमत नव्हती.

7 जानेवारी 2024 ला घेतला. 82.9.

त्या दिवशी मी बाथरूमचा नळ सोडून रडली. एका वर्षाची मेहनत साडेतीन महिन्यांत गेली असं वाटलं. तेवढ्यात एका लग्नात एक मावशी सगळ्यांसमोर म्हणाल्या, काय बाप्पा, डायटिंग सोडलं वाटते? त्यांना पुराचं माहीत होतं. मी हसून पुढे गेली. पण ते वाक्य मला अजून लागते, आणि मला वाटते वजन कमी करणाऱ्या माणसाला असं काही बोलण्याआधी लोकांनी दहादा विचार करावा.

परत सुरू कसं केलं ते सांगते, कारण ते माझ्या डोक्यातून आलं नाही, ते आईंच्या कॅलेंडरमुळे आलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आमच्या आई दुधाचा हिशोब लिहितात. रोजच्या चौकोनात एक किंवा दीड, आणि दूध आलं नाही त्या दिवशी खा. खा म्हणजे खाडा. रविवारच्या चौकोनात खाली कोपऱ्यात मी पेन्सिलीनं वजन लिहायची. 2023 चं कॅलेंडर पुरातून वाचलं होतं, खालच्या अर्ध्या भागावर चिखलाच्या पाण्याची तपकिरी रेघ आहे, आणि आईंनी ते फेकलं नाही कारण ऑक्टोबरचा हिशोब बाकी होता. एक दिवस त्या जमिनीवर बसून तो हिशोब करून राहिल्या होत्या आणि मी बाजूला मेथी निवडत होती. 23 सप्टेंबरपासून सोळा खाडे. खा, खा, खा. आणि 9 ऑक्टोबरला परत, एक.

मी त्या एक आकड्याकडे कितीतरी वेळ बघत बसली. दूधवाल्या भैयाच्या गोठ्यातही पाणी शिरलं होतं. सोळा दिवसांनी तो आला, कॅन टेकवली, माप भरलं आणि गेला. आईंनी लिहिलं, एक. मागच्या सोळा दिवसांचं दूध त्याच दिवशी घालायचं असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मी मात्र तेच करत होती, एका आठवड्यात सगळा खाडा भरून काढायला दोन दिवस निर्जळी, मग तिसऱ्या दिवशी चक्कर, मग चौथ्या दिवशी सगळंच सोडून देणं.

दुसऱ्या दिवशी मी फक्त वीस मिनिटं चालली, डागा लेआउटातून रामनगरकडे आणि परत. रात्री चौकोनात 20 लिहिलं.

दुसऱ्यांदाचं उतरणं पहिल्यापेक्षा फार हळू होतं. कोणी टाळ्या वाजवत नाही, कारण लोकांनी तुम्हाला आधी बारीक झालेलं बघितलेलं असते. अख्खं 2024 गेलं तेव्हा 78 झालं. आणि यावर्षी मार्च ते जून चौदा आठवडे काटा 76 च्या आसपास खिळून राहिला. वजन कमी झालं की शरीराला खर्चही कमी लागते, जे खाऊन आधी उतरत होतं तेच खाऊन आता थांबते, आणि शिवाय हात सैल होते, पळी मोठी होते, हे आपल्यालाच कळत नाही. मी तेलाच्या कॅनवर मार्करनं तारीख घालायला सुरुवात केली. आमच्या चार माणसांत पाच लिटरचं कॅन महिन्यात संपायचं. आता सात आठवडे जाते. भाजीला चव आहे, कोणाची तक्रार नाही, फक्त भाऊ आला की नियम बाजूला.

त्याच चौदा आठवड्यांत नवतपाही होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. पहाटे पाचलाही रस्ता तापलेला, घरी येऊन कूलरसमोर बसलं तरी घाम थांबत नव्हता, आणि काटा हलत नव्हता. त्या दिवसांत मला शिवणाच्या टेपनं वाचवलं. कंबर मोजली, चार सेंटिमीटर कमी. आणि शंकरनगर मेट्रोचा जिना. आधी मधल्या वळणावर फोन बघायचं नाटक करून थांबायची, मे महिन्यात एक दिवस लक्षात आलं की मी वर पोचली आणि फोन पर्समध्येच आहे. जूनमध्ये रिपोर्ट आला, 5.6. मॅडमनी माझा हात धरला. मी बाबांच्या फोटोसमोर तो कागद ठेवला.

आज सकाळी हे सगळं आठवायला वेळ लागला, पण बूट घालून निघाली. रविवारी चालून झालं की आमचा ग्रुप तर्री पोहे खाते, मी ते बंद केलं नाही आणि करणारही नाही. एक प्लेट. पोहेवाल्या दादाला माहीत आहे, तो माझ्यासाठी पळी तळाशी घालून चणे उचलते, वरचा लाल तवंग बाजूला सरकवून. आजही त्यानं तसंच केलं, लिंबू जास्तीचं दिलं. ग्रुपमधल्या एक नवीन ताई, मागच्याच महिन्यात सुरू केलेल्या, हळूच म्हणाल्या की त्यांचं या आठवड्यात 700 ग्रॅम वाढलं आणि त्या उद्यापासून येणार नाहीत. मी त्यांना माझा आकडा सांगितला. 75.3, मागच्या आठवड्यात 74.8. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग आम्ही दोघी रामनगर चौकापर्यंत परत एक चक्कर मारून आलो, राखीला काय काय खाल्लं ते एकमेकींना सांगत.

दुपारी आईंनी विचारलं, आज लिहिलं नाही का गं? चौकोन रिकामा होता. महालक्ष्म्या तीन आठवड्यांवर आल्या आहेत, त्या बाजूला सामानाची यादी करत बसल्या होत्या, पुरणाची डाळ, ज्वारी आंबिलीला, सोळा भाज्यांत यंदा काय काय मिळेल. मी पेन्सिल घेतली आणि दुधाच्या दीडखाली 75.3 लिहिलं.

आईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, पुरणाला डाळ दोन किलो पुरेल की अडीच घेऊ? मी म्हटलं, अडीच घ्या.