हिरव्यांचा करकार्यक्रम आणि एका वर्कशॉपचा हिशेब

जर्मनीतल्या ग्रीन पक्षाचा २०१३ सालचा करकार्यक्रम वर्तमानपत्रात दोन ओळींत मावत होता: वरच्यांकडून जास्त घेऊ, दहातल्या नऊ करदात्यांना दिलासा देऊ. तोच कार्यक्रम एका माणसाच्या कागदपत्रांवर बसवायला घेतला, तर एक आख्खा दिवस जातो. श्टुटगार्टजवळच्या कर सल्लागार कार्यालयात मी हिशेब पाहायचो, तेव्हा निवडणुकीआधी असा दिवस आला. (अशिलाची ओळख लागू नये म्हणून आकडे सोयीचे गोल केले आहेत.)

अशील छोट्या वर्कशॉपचा मालक. सीएनसी लेथवर गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मर्यादित कंपनी, शंभर टक्के मालकी त्याची. कंपनीकडून पगार घेतो, घरचे करपात्र उत्पन्न वर्षाला ९०,००० युरो, बायको नोकरी करत नाही. येताना तो आपलाच हिशेब कागदावर मांडून घेऊन आला होता. "माझ्याकडून वर्षाला १७,१०० युरो घेणार आहेत. बघा तुम्हीच."

हा आकडा पक्षाला हव्या असलेल्या संपत्तीवरच्या अधिभाराचा होता, आणि त्याने तो हवेतून काढला नव्हता. मुलीच्या नावावर काही हिस्सा करायचा म्हणून आम्हीच त्याच्या कंपनीचे मूल्यांकन केले होते. भेटकरासाठीची सोपी पद्धत अशी: मागच्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी काढायची, मालकाचा वाजवी पगार आधीच खर्चात धरलेला असला पाहिजे, त्यातून कराचे म्हणून सरसकट ३० टक्के वजा करायचे आणि उरेल त्याला ठरलेल्या गुणकाने गुणायचे. सरासरी नफा २,००,००० होता. ३० टक्के गेल्यावर १,४०,०००. २०१३ चा गुणक १५.२९. किंमत झाली सुमारे २१,४०,००० युरो.

इथेच पहिली मेख आहे. गुणक निघतो व्याजदरावरून: मूळ दर २.०४ आणि वर ४.५ टक्के जोखमीचे, म्हणजे ६.५४, शंभर भागिले ६.५४. आदल्या वर्षी मूळ दर २.४४ होता, तेव्हा गुणक १४.४१ आणि किंमत सुमारे २०,१७,०००. वर्कशॉपमधून एक नटसुद्धा जास्त विकला गेला नाही, तरी किंमत सव्वा लाखाने चढली. बँकेत ठेवलेल्या पैशाचे असे होत नाही. संपत्तीवर कर लावा म्हणणारे बहुतेक दराबद्दल बोलतात, पण माणूस बुडतो किंवा तरतो तो मूल्यांकनात.

जर्मनीचा जुना संपत्ती कर याच कारणाने बंद पडला. जमीन-घरांची किंमत पश्चिमेत १९६४ च्या आणि पूर्वेत १९३५ च्या पत्रकांवरून धरली जायची, शेअर आणि रोख मात्र बाजारभावाने. १९९५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ही विषमता अमान्य केली आणि १९९७ पासून कर आकारणे थांबले. आपल्याकडच्या संपत्ती कराने ही भानगडच टाळली होती. २०१५ पर्यंत ३० लाखांच्या वर १ टक्का होता, पण शेअर त्यात धरतच नसत. मग वसुलीही बेताची व्हायची, हे ओघाने आलेच.

हिरव्यांना हवा होता तो कायमचा कर नव्हे, एकदाच ठरवून दहा वर्षांत फेडायचा अधिभार: दर वर्षी दीड टक्का, त्यातून १०० अब्ज युरो उभे करून केंद्राचे कर्ज कमी करायचे. माणशी १० लाखांची सूट. अशिलाने २१,४०,००० मधून १०,००,००० वजा केले आणि उरलेल्या ११,४०,००० वर दीड टक्का लावला. गुणाकार बरोबर. फक्त पक्षाच्या मसुद्यात धंद्यातल्या संपत्तीला ५० लाखांची वेगळी सूट होती. वर्कशॉप अख्खे त्यात बसत होते. घराची किंमत कर्ज वजा करून १० लाखांच्या आतच. अधिभार शून्य.

मग ४९ टक्के. हा आकडा तर मथळ्यात होता: ८०,००० च्या पुढच्या उत्पन्नावर ४२ ऐवजी ४९. पण ती मर्यादा एका माणसाची. जर्मनीत १९५८ पासून नवरा-बायकोचे उत्पन्न एकत्र करून दोघांत निम्मे वाटतात, निम्म्यावर कर काढतात आणि त्याची दुप्पट घेतात. ९०,००० चे निम्मे ४५,०००. ४९ टक्के त्याच्या आसपासही नाहीत.

अशील खूश झाला. मी कागद पुढे सरकवला, कारण तिसरी बाब उरली होती आणि तिच्याबद्दल त्याने अवाक्षर काढले नव्हते. ही निम्मे-निम्मे वाटणीच पक्षाला हळूहळू काढायची होती. बायकोची करमुक्त रक्कम तेवढी नवऱ्याला वापरता येईल, बाकी प्रत्येकाचा कर वेगळा. २०१३ च्या दरांनी मांडले तर असे दिसते: एकट्याने ९०,००० वर कर २९,६०४, वाटणीने सुमारे २१,७००. फायदा ७,९०० चा. त्याऐवजी ८,१३० ची करमुक्त रक्कम हस्तांतरित केली, तर ४२ टक्क्यांनी सुमारे ३,४०० वाचतात. म्हणजे योजना पुरती लागू झाल्यावर वर्षाला साडेचार हजारांचा फटका.

ज्याची भीती घातली गेली त्या दोन्ही करांचा आकडा शून्य, आणि जो खरा लागणार होता तो कार्यक्रमपत्रिकेच्या पोटात. 'दहातल्या नऊ जणांना दिलासा' हे दरपत्रकापुरते मांडले तर पटण्यासारखे होते. वाटणी काढण्याचा परिणाम त्यात मिसळला की दहातले कोण आत आणि कोण बाहेर, हे दोन ओळींत सांगता येत नाही. माझ्या मते पक्षाची पत इथे घसरली. सोपे सांगायला गेले, आणि घराघरात कोणीतरी पेन घेऊन बसले की ते टिकत नव्हते.

त्यात जुने दुखणे. मार्च १९९८ मध्ये माग्डेबुर्गच्या अधिवेशनात याच पक्षाने दहा वर्षांत पेट्रोल लिटरला ५ मार्क (युरोआधीचे जर्मन चलन, १०० फेनिगांचा एक मार्क) करायचा ठराव केला होता. सत्तेत आल्यावर १९९९ ते २००३ या काळात प्रत्यक्ष वाढ झाली लिटरला वर्षाला ६ फेनिग, पाच टप्प्यांत ३०. त्या पैशातून पेन्शनचा हप्ता पहिल्याच वर्षी पगाराच्या २०.३ वरून १९.५ टक्क्यांवर आला. निम्मा हप्ता मालक भरतो, म्हणजे ५ लाख युरोच्या पगारपत्रकावर मालकाचे वर्षाला २,००० वाचले. शिवाय कारखान्यांना विजेवर सवलत होतीच. त्या वर्कशॉपमध्ये हे कोणाला आठवत नव्हते. ५ मार्क मात्र सगळ्यांना पाठ.

श्टुटगार्ट ज्या राज्यात येते त्या बाडेन-व्ह्युर्टेम्बेर्गचे तेव्हाचे मुख्यमंत्री क्रेचमान स्वतः हिरवेच, पण करवाढीचा बोजा छोट्या-मध्यम उद्योगांवर पडू नये असे ते पक्षालाच सांगत होते. २२ सप्टेंबरला पक्षाला ८.४ टक्के मते पडली. २००९ मध्ये १०.७ होती. नेते युर्गन ट्रिटिन नेतृत्वातून बाजूला झाले. पराभव एकट्या करामुळे झाला असे मी म्हणणार नाही, कँटीनमध्ये आठवड्यातून एक दिवस शाकाहारी जेवणाच्या सूचनेवरूनही बराच धुरळा उडाला होता.

२०२१ चा कार्यक्रम वाचला तेव्हा बदल नेमके अडलेल्या जागी दिसले. ४५ टक्के एकट्याला १,००,००० च्या वर आणि जोडप्याला २,००,००० च्या वर, ४८ टक्के एकट्याला २,५०,००० आणि जोडप्याला ५,००,००० नंतर. दोन्ही मर्यादा छापील. वाटणी बंद फक्त नव्या लग्नांसाठी, जुन्या जोडप्यांना हात नाही. संपत्ती कर १ टक्का, माणशी २० लाखांच्या वर. कंपनीच्या मूल्यांकनाचा गुणक तोवर कायद्यानेच १३.७५ वर गोठवला होता. त्या हिशेबाने तेच वर्कशॉप १९,२५,००० चे भरते.