त्या ट्रॉलीत आम्ही दोघं होतो

शाळेला पन्नास वर्षं झाली, स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला. लेझीम, स्नेहसंमेलन, मधल्या सुट्टीतल्या कळण्याच्या भाकरीचे वाटे, सगळं आठवतं. पण मला दहावीतली एक संध्याकाळ लिहायचीये, इतकी वर्षं कुठेच लिहिली नाही म्हणून.

डिसेंबर १९९९. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. माझं आणि आमच्याच गल्लीतल्या एका मुलाचं मिळून ठिबक सिंचनाचं मॉडेल होतं, दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाईनच्या नळ्या, त्यांना सुईने भोकं पाडलेली, खाली केळीची खरी रोपं. जायच्या आधी मुलींनी घरून संमतीचं पत्र आणायचं होतं. मुलांना कोणी मागितलं नाही. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, याचंच आज जास्त वाईट वाटतं.

आमचा दुसरा नंबर आला. पण पाहुण्यांची भाषणं लांबली आणि गावाची शेवटची एसटी निघून गेली. दप्तरात अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास, पण गाडीच नाही. मग सरांनी आमच्या गावचा एक ट्रॅक्टर थांबवला, जिनिंगवर कापूस खाली करून परत चाललेला, आणि रिकाम्या ट्रॉलीत आम्हाला दोघांना बसवून दिलं. हाडं गोठवणारी थंडी होती, गोणपाट पांघरून बसलो. पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते.

आमची घरं समोरासमोर, एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जातं. त्याची आजी ओट्यावरूनच म्हणाली, "भूक लागनी व्हई रे, पहिले जेवी ले." आणि आमच्या दारात काका उभे. "इतला येळ कथा व्हती? पोरनी जात शे!" नंबर आल्याचं मी सांगितलंच नाही, सांगायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी हापशावर मायला बायकांनी विचारलं, बरोबर कोण होतं म्हणे? त्याच्या आईला हा प्रश्न कोणीच विचारला नाही, आणि तिनेही कधी म्हटलं नाही की अहो माझाच पोरगा होता. वडील वाईट नव्हते. म्हणाले, माझा तुझ्यावर भरोसा आहे पण लोकांचं तोंड कोण धरणार. मग जादा तास बंद, घंटा झाली की पहिल्या गाडीने घरी. तो अकरावी सायन्सला जळगावला गेला. मला बारावी कला, एकोणिसाव्या वर्षी लग्न, आणि बी.ए. पुढे मुक्त विद्यापीठातून, धाकटी बालवाडीत गेली तेव्हा.

ज्या पारावर माझी चर्चा झाली ना, त्याच पारावर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते बसतात, पैसे लावून, रात्र रात्र. कापसाचे आलेले पैसे तिथे जातात आणि घरात विचारलं तर सण आहे म्हणतात. सणाला माहेरी आलेल्या पोरीने मात्र झोका अंधार पडायच्या आत सोडायचा.

मला वाटायचं आता हे संपलं असेल. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि त्याच महिन्यात बसमध्ये मागच्या सीटवरून ऐकलं, बायका आता उगाचच हिंडायला लागल्या. पुढे बसलेली बाई आईला डोळ्याच्या ऑपरेशनला घेऊन चालली होती. मी या वेळी गप्प बसले नाही, उठून बोलले, आवाज कापत होता तरी बोलले.

शाळेत आजही सहलीला फक्त मुलींकडून पत्र घेत असतील तर माझी कळकळीची विनंती आहे, सगळ्यांकडून घ्या नाहीतर कोणाकडूनच नको.

प्रदर्शनाच्या सर्टिफिकेटवर आमची दोघांची नावं होती. त्याच्या घरी त्याचं फ्रेम करून भिंतीवर लागलं. आमच्याकडे मुलाच्या नावाशेजारी माझं नाव, म्हणून कोणाला दाखवायचं नाही असं ठरलं, आणि मला वाटलं माझं चुलीत गेलं असणार. माय गेल्यावर मागच्या वर्षी तिची पेटी उघडली. लग्नाच्या शालूच्या घडीत, प्लास्टिकच्या पिशवीत ते होतं. त्याची झेरॉक्स या लेखासोबत पाठवतेय, जागा असेल तर छापा.