रॉ म्हणजे फोटो नव्हेच

पहिल्यांदा रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, शूट केलं तेव्हा माझा पार पोपट झाला होता. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झक्कास दिसणारा फोटो कॉम्प्युटरवर उघडला तर एकदम फिका, दहा वेळा धुतलेल्या कापडासारखा. मला वाटलं लेन्सच गंडलीय. नंतर कळलं की मागच्या स्क्रीनवर दिसतो तो कॅमेऱ्याने स्वतःच रंग-कॉन्ट्रास्ट चढवून बनवलेला जेपेग (नेहमीचा तयार फोटो), रॉ फाइलच्या पोटातच ठेवलेला, आणि आपण तो बघून खूश! हिस्टोग्रामसुद्धा (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) साधारण त्याच्यावरूनच काढलेला असतो.

रॉ म्हणजे सेन्सरने मोजलेला उजेड, बस. त्यातही एका पिक्सेलला एकच रंग कळतो, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरवर फिल्टरची जाळी असते, निम्मे हिरवे आणि पाव-पाव लाल-निळे (कोडॅकच्या ब्राइस बायरचं 1976 चं पेटंट), आणि बाकीचे दोन रंग सॉफ्टवेअर शेजारपाजारच्यांना विचारून अंदाजाने भरतं.

मग एवढ्या जड फाइल्स कशाला सांभाळायच्या? तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या, 14 बिट रॉमध्ये 16384. आजीचा एक फोटो मी पिवळ्या बल्बखाली काढला होता आणि व्हाइट बॅलन्स (कुठल्या उजेडात पांढरं पांढरंच दिसावं ते ठरवणारी सेटिंग) चुकून उन्हाच्या सेटिंगवर राहिलेला, आजीचे पांढरेशुभ्र केस हळद लावल्यासारखे दिसत होते. डार्कटेबल नावाच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टेम्परेचर 2900 केल्विनच्या आसपास आणलं आणि केस परत पांढरे, कुठे फाटलं-तुटलं नाही. कारण रॉमध्ये व्हाइट बॅलन्स पक्का झालेलाच नसतो, नुसती एक नोंद असते.

पण "रॉमध्ये सगळं वाचतं" ही थाप आहे हां. सावलीतलं बरंच वर काढता येतं, थोडा नॉइज (दाणेदारपणा) येतो तो चालतो, पण उजेड जास्त होऊन तिन्ही रंग जिथे भरून वाहिले तिथे मागे काहीच उरत नाही. उन्हातल्या एका पांढऱ्या शर्टाची बाही माझी अशीच गेली, हायलाइटचा (सगळ्यात उजळ भागांचा) स्लायडर पूर्ण खाली ओढला तर सुरकुत्या नाहीच, सिमेंट फासल्यासारखा करडा ठिपका आला नुसता. तेव्हापासून मी हायलाइट जळणार नाहीत इथपर्यंतच एक्स्पोजर चढवतो, त्याच्या पुढे नाही.

आणि माझा सगळ्यात मोठा गाढवपणा. एडिट करताना मूळ रॉला हात लागत नाही, काय काय केलं ते शेजारच्या छोट्याशा एक्सएमपी फाइलमध्ये लिहिलं जातं. हे माहीत नसताना नवीन लॅपटॉपवर फोटो हलवताना मी त्या इवल्याशा फाइल्स कचरा समजून मागेच ठेवल्या आणि वर जुना लॅपटॉप फॉरमॅट मारला. फोटो सगळे शाबूत, एडिटिंग सगळं गायब. आजीचे केस परत पिवळे. दोनशेतले चाळीस झालेत पुन्हा करून, बाकीचे रविवारी बघू.