सीपॅनेलवर लारावेल चढवताना: माझा अनुभव

एका वाचनालयाचं सभासद-नोंदणी आणि पुस्तक देवघेवीचं, लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यात) लिहिलेलं अ‍ॅप मी शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांमध्ये वाटून घेतलेल्या सर्व्हरवर), सीपॅनेल या होस्टिंग सांभाळायच्या वेब-पॅनेलमधून लाइव्ह केलं. होस्टिंग आधीच घेतलेलं होतं आणि स्वतंत्र व्हीपीएस (फक्त आपला असा आभासी सर्व्हर) घेतला तर त्याचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप सांभाळायला संस्थेकडे माणूस नव्हता. अशा ठिकाणी सीपॅनेल चांगलं काम करतं. फक्त एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवायला हवी: पॅनेलमधलं जवळपास प्रत्येक बटण सर्व्हरवरच्या कुठल्या तरी साध्या फाइलमध्ये दोन-चार ओळी लिहितं. ती फाइल कोणती हे कळलं की कोऱ्या पांढऱ्या पानाचं कारण पाच मिनिटांत सापडतं.

सुरुवात पीएचपीपासून, म्हणजे लारावेल ज्या भाषेत लिहिलंय तिच्यापासून. लारावेल १० ला किमान पीएचपी ८.१ लागतं, लारावेल ११ ला ८.२. सीपॅनेलच्या ‘मल्टीपीएचपी मॅनेजर’मध्ये डोमेन निवडून व्हर्जन बदललं की झालं, असं वाटतं. पण ते व्हर्जन वेबसाइटसाठी असतं. टर्मिनलमध्ये किंवा क्रॉनमध्ये (ठरावीक वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीत) नुसतं ‘पीएचपी’ लिहिलं तर सर्व्हरचं मूळ व्हर्जन चालू होऊ शकतं, आणि ते ७.४ सुद्धा असू शकतं. मग साइट नीट दिसते, पण मायग्रेशन (डेटाबेसची टेबलं बनवणारी-बदलणारी लारावेलची कमांड) चालवताना कंपोझर (पीएचपीची पॅकेज आणणारं साधन) तक्रार करतो की तुमच्या पॅकेजना याहून वरचं पीएचपी हवं. म्हणून टर्मिनलमध्ये आधी व्हर्जन विचारून घ्यायचं आणि वेगळं आलं तर दर वेळी पूर्ण पाथ द्यायचा: /ऑप्ट/सीपॅनेल/ईए-पीएचपी८२/रूट/यूएसआर/बिन/पीएचपी. क्लाउडलिनक्स (शेअर्ड होस्टिंगसाठीची लिनक्स) असलेल्या सर्व्हरवर ‘सिलेक्ट पीएचपी व्हर्जन’ नावाचं वेगळं पान असतं. तिथे एक्स्टेन्शनवर (पीएचपीच्या जोड-भागांवर) स्वतः टिक करावी लागते. एमबीस्ट्रिंग, फाइलइन्फो आणि पीडीओ-मायएसक्यूएल या तीन आधी बघाव्यात.

आता ते बटण दाबल्यावर नेमकं काय होतं ते. मल्टीपीएचपी मॅनेजर त्या डोमेनच्या डॉक्युमेंट रूटमधल्या (वेबला दिसणाऱ्या मुख्य फोल्डरमधल्या) डॉट-एचटीअ‍ॅक्सेस या वेब सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलच्या शेवटी एक ब्लॉक लिहितो: वर ‘सीपॅनेलने तयार केलेला हँडलर, बदलू नका’ अशा अर्थाची कॉमेंट, आत अ‍ॅडहँडलरची ओळ आणि त्यात ‘ईए-पीएचपी८२’ हे नाव. हँडलर म्हणजे कोणतं पीएचपी चालवायचं हे सांगणारी सूचना. लारावेलच्या पब्लिक फोल्डरमध्येही डॉट-एचटीअ‍ॅक्सेस असते. आपण नवा झिप चढवतो, तो जुन्या फाइलवर उलगडतो, हँडलरचा ब्लॉक पुसला जातो आणि साइट मूळ व्हर्जनवर जाऊ शकते. कोडमध्ये काहीही बदललेलं नसताना अपडेटनंतर साइट पडते, त्यामागे बरेचदा हेच असतं. गिटने (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने) काम करत असाल तर उलटं घडतं: पॅनेलने फाइल बदलली म्हणून रेपॉझिटरी (गिटने सांभाळलेला कोड) ‘स्वच्छ’ राहत नाही आणि सीपॅनेलचं ‘गिट व्हर्जन कंट्रोल’ डिप्लॉय करायला (कोड लाइव्ह करायला) नकार देतं. दोन्हींवर उपाय एकच. तो ब्लॉक जसाच्या तसा कॉपी करून आपल्या मूळ कोडमधल्या डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये टाकून कमिट (गिटमध्ये नोंद) करायचा. कॉमेंटच्या ओळी काढायच्या नाहीत, पॅनेल त्यांच्यावरूनच आपला ब्लॉक ओळखतं.

डॉक्युमेंट रूटच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. वेबला फक्त पब्लिक फोल्डर दिसला पाहिजे. बाकी सगळं अ‍ॅप पब्लिक_एचटीएमएलच्या (खात्याच्या नेहमीच्या वेब फोल्डरच्या) बाहेर, होम फोल्डरमध्ये. पूर्ण प्रोजेक्ट पब्लिक_एचटीएमएलमध्ये ओतून वरून एका डॉट-एचटीअ‍ॅक्सेसने पब्लिककडे वळवण्याचा सल्ला खूप जण देतात. ती एक फाइल उडाली की ब्राउझरमध्ये डॉट-ईएनव्हीचा (पासवर्ड आणि सेटिंग्ज ठेवायच्या फाइलचा) पत्ता टाकणाऱ्या कुणालाही डेटाबेसचा पासवर्ड वाचता येतो. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर ज्या अ‍ॅपमध्ये आहेत तिथे ही जोखीम घ्यायचा आपल्याला अधिकारच नाही.

सबडोमेन किंवा अ‍ॅडऑन डोमेन असेल तर ‘डोमेन्स’मध्ये तयार करतानाच डॉक्युमेंट रूट म्हणून अ‍ॅपचा पब्लिक फोल्डर देता येतो. मी सबडोमेन घेतलं ते यासाठीच. मुख्य डोमेनचा रूट शेअर्ड खात्यातून सहसा बदलता येत नाही. तिथे जुन्या पब्लिक_एचटीएमएलचं नाव बदलून त्याच नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) अ‍ॅपच्या पब्लिककडे करायची. दुसरा मार्ग म्हणजे पब्लिकमधल्या फाइल पब्लिक_एचटीएमएलमध्ये कॉपी करून इंडेक्स-डॉट-पीएचपीमधले तीन पाथ बदलणे: मेंटेनन्सचा, ऑटोलोडचा आणि बूटस्ट्रॅपचा. पण तेवढ्याने भागत नाही. लारावेल अजूनही जुन्या पब्लिक फोल्डरलाच आपलं समजतं, म्हणून ‘व्हीट मॅनिफेस्ट सापडला नाही’ अशी एरर येते (व्हीट हे सीएसएस-जावास्क्रिप्ट बिल्ड करणारं साधन, मॅनिफेस्ट ही त्याने बनवलेल्या फाइलची यादी). पब्लिक पाथ कोडमध्येही बदलावा लागतो. सिमलिंक यापेक्षा खूप सोपी.

झिप बनवण्याआधी आपल्या मशीनवर कंपोझर ‘नो-डेव्ह’ पर्यायाने (फक्त डेव्हलपमेंटसाठीची पॅकेज वगळून) चालवायचा आणि एनपीएमने (जावास्क्रिप्टची पॅकेज सांभाळणाऱ्या साधनाने) बिल्ड करायचं. कंपोझर-डॉट-जेसनच्या कॉन्फिगमध्ये प्लॅटफॉर्म म्हणून सर्व्हरचं पीएचपी व्हर्जन लिहून ठेवावं. नाहीतर घरी ८.३ असेल तर तो ८.३ ची पॅकेज आणतो आणि सर्व्हरवर ती चालत नाहीत. नोड-मॉड्यूल्स (एनपीएमच्या पॅकेजचा फोल्डर) आणि डॉट-गिट (गिटच्या नोंदींचा फोल्डर) झिपमध्ये घ्यायचे नाहीत. शेअर्ड खात्याला जागेबरोबर फाइलच्या संख्येचीही मर्यादा असते, आणि नोड-मॉड्यूल्स ती एकट्याने खाऊन टाकतं. एफटीपीने व्हेंडरमधल्या (कंपोझरच्या पॅकेज फोल्डरमधल्या) हजारो फाइल एकेक करून चढवण्यात अर्थ नाही. मध्येच कनेक्शन तुटलं तर कोणती फाइल अर्धी राहिली हे कळत नाही. एकच झिप चढवावा, फाइल मॅनेजरमध्ये ‘एक्स्ट्रॅक्ट’ करावा, आणि सेटिंग्जमध्ये डॉट-फाइल (डॉटने सुरू होणाऱ्या, एरवी लपलेल्या फाइल) दाखवण्याची टिक आधी चालू करावी.

दोन फाइल झिपमध्ये चुकूनही जाऊ देऊ नयेत. पब्लिकमधली ‘हॉट’ नावाची छोटी फाइल व्हीटचा डेव्ह सर्व्हर चालू असताना तयार होते. ती सर्व्हरवर गेली तर पान आपली सीएसएस लोकलहोस्टच्या ५१७३ पोर्टवर शोधतं. आपल्या मशीनवर डेव्ह सर्व्हर चालू असेल तर आपल्याला सगळं छान दिसतं, बाकी जगाला मात्र उघडंबोडकं पान. दुसरी म्हणजे बूटस्ट्रॅपच्या कॅश फोल्डरमधली कॉन्फिगची फाइल. तिच्यात आपल्या विंडोजचे सी-ड्राइव्हचे पाथ कोरलेले असतात आणि ती असेपर्यंत नवीन डॉट-ईएनव्ही वाचलीच जात नाही. विंडोजवरून येणाऱ्यांसाठी आणखी एक: लिनक्सला फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर वेगळं वाटतं. घरी चालणारा क्लास तिथे ‘सापडला नाही’ म्हणाला की आधी फाइलचं नाव तपासा.

डेटाबेस बनवताना सीपॅनेल नावापुढे खात्याचं नाव आणि अंडरस्कोर लावतं, युजरच्या नावालाही. डॉट-ईएनव्हीमध्ये पूर्ण नाव हवं, होस्ट लोकलहोस्ट. युजर बनवला म्हणजे काम संपलं असं नाही, त्याला त्या डेटाबेसला जोडून परवानग्या देणं ही वेगळी पायरी आहे. पासवर्डमध्ये हॅशचं चिन्ह असेल तर तो एकेरी अवतरणात लिहावा. अवतरणाशिवाय हॅशच्या पुढचं सगळं कॉमेंट धरलं जातं आणि ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं.

मराठी डेटा असेल तर इथे सावकाश जावं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ‘श्री’ दिसायला एक अक्षर, पण त्यात श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी ४ चिन्हं आणि १२ बाइट आहेत. घरच्या डेटाबेसचा डंप (फाइलमध्ये काढलेली नक्कल) विंडोज पॉवरशेलमध्ये ‘मोठे आहे’च्या चिन्हाने फाइलमध्ये वळवला तर ती फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते आणि सभासदांची नावं वाटेतच बिघडतात. मायएसक्यूएल-डंपचा ‘रिझल्ट-फाइल’ पर्याय वापरला की पॉवरशेल मध्ये येत नाही. कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवावा, कारण इमोजीला ४ बाइट लागतात. इम्पोर्टनंतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर तो डेटा गेला, पुन्हा इम्पोर्टच करावा लागतो. युरोपियन अक्षरांची लांब रांग दिसली तर मात्र बहुधा बाइट शाबूत असतात आणि कनेक्शनचा कॅरॅक्टर सेट चुकलेला असतो. सगळं पुसायच्या आधी हा फरक बघावा.

घरी मायएसक्यूएल ८ आणि सर्व्हरवर मारियाडीबी (मायएसक्यूएलपासून निघालेला डेटाबेस) असेल तर ‘अननोन कोलेशन’ म्हणजे १२७३ क्रमांकाची एरर येऊ शकते (कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना करायचे आणि क्रम लावायचे नियम). डंपमध्ये जिथे जिथे ‘०९००’ असलेलं कोलेशन आहे तिथे यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय टाकलं की इम्पोर्ट होतो.

परवानग्यांचा गोंधळ लोक विनाकारण वाढवतात. फोल्डर ७५५, फाइल ६४४, एवढंच. अशा होस्टिंगवर पीएचपी सहसा आपल्याच खात्याच्या नावाने चालतं, म्हणून स्टोरेज फोल्डरलाही ७७७ (सगळ्यांना लिहायची मुभा) लागत नाही. उलट काही सर्व्हर ७७७ दिसलं की सुरक्षेसाठी ५०० ची (सर्व्हरमधल्या बिघाडाची) एरर देतात. ५०० आली की डीबग (एररचा तपशील पानावरच दाखवणारी सोय) चालू करण्याच्या मोहात पडू नये. स्टोरेजच्या लॉग फोल्डरमधली लारावेलची लॉग वाचावी. ती रिकामी असेल तर गडबड लारावेलपर्यंत पोहोचण्याआधीच झाली आहे. मग पॅनेलच्या ‘एरर्स’ पानावर किंवा पब्लिकमधल्या एरर-लॉग फाइलमध्ये कारण मिळतं.

फोटो अपलोडची मर्यादा ‘मल्टीपीएचपी आयएनआय एडिटर’मध्ये बदलते. पोस्टची मर्यादा अपलोडच्या मर्यादेपेक्षा जास्त हवी. बदल लगेच दिसला नाही तर पुन्हा पुन्हा आकडे बदलत बसू नये. ही सेटिंग ज्या डॉट-युजर-डॉट-आयएनआय फाइलमध्ये जाते ती पीएचपी ३०० सेकंद लक्षात ठेवतं, पाच मिनिटं थांबावं.

एसएसएलसाठी (साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रासाठी) सीपॅनेलचं ऑटोएसएसएल पुरतं. त्यात डोमेनची खात्री डॉक्युमेंट रूटमधल्या ‘डॉट-वेल-नोन’ फोल्डरातून होऊ शकते. डॉटने सुरू होणारं सगळं बंद करणारा नियम कुणी डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये टाकला असेल तर नूतनीकरण अडतं आणि ९० दिवसांची मुदत संपल्यावर साइटवर इशारा झळकतो. त्या नियमातून हा फोल्डर वगळावा.

क्रॉनमध्ये दर मिनिटाला शेड्यूल-रन (वेळापत्रकातली कामं चालवणारी लारावेलची कमांड) लावायचं, पीएचपीच्या पूर्ण पाथसकट, आणि आउटपुट डेव्ह-नलकडे (आलेलं सगळं टाकून देणाऱ्या जागेकडे) वळवायचं. नाहीतर दिवसाला १४४० मेल खात्यात जमू शकतात. काही होस्टिंगवर पाच मिनिटांहून कमी अंतर चालत नाही, ते आधी विचारून घ्यावं. सर्व्हरचं घड्याळ बरेचदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं. परतीची तारीख उलटलेल्या सभासदांना सकाळी ९ चा मेल हवा असेल तर यूटीसीत ती वेळ ३:३०. मी अ‍ॅपच्या कॉन्फिगमध्येच एशिया/कोलकाता ठेवतो, म्हणजे शेड्यूलमध्ये सरळ ९ लिहिता येतात. क्यू (मागे रांगेत टाकलेली कामं) चालवायला सुपरवायझर (प्रोसेस सतत चालू ठेवणारं साधन) सहसा मिळत नाही. त्याऐवजी शेड्यूलमधूनच क्यू-वर्क ‘काम संपल्यावर थांब’ या पर्यायाने चालवावं आणि एकावर एक चढू नये म्हणून ‘विदाउट-ओव्हरलॅपिंग’ लावावं.

पुढच्या प्रत्येक अपडेटचा क्रम: आर्टिझन (लारावेलचं कमांड चालवायचं साधन) डाउन, नवा कोड, मायग्रेट, कॉन्फिग-कॅश, रूट-कॅश, व्ह्यू-कॅश, आर्टिझन अप. मायग्रेटला ‘फोर्स’ द्यावाच लागतो. प्रॉडक्शनमध्ये तो खात्री विचारतो आणि डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये उत्तर द्यायला कुणी नसतं. कॉन्फिग-कॅश केल्यावर कॉन्फिगच्या फाइल सोडून इतरत्र ईएनव्ही फंक्शन वापरलं असेल तर तिथे नल (रिकामं उत्तर) मिळतं, म्हणून कोडमध्ये ते आधी शोधून काढावं. आणि मधली एखादी पायरी फसून साइट ५०३ वर (तात्पुरती बंद या पानावर) अडकली, टर्मिनलही उघडेना, तर फाइल मॅनेजरमधून स्टोरेजच्या फ्रेमवर्क फोल्डरमधली ‘डाउन’ नावाची फाइल काढून टाकली की साइट पुन्हा उघडते.