पायानं पाहिलेली नाडी

कुंभार्ली घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेकच्या पेडलनं माझा पाय हळूच वर ढकलला. चपलेखाली काही आलं असेल म्हणून दुर्लक्ष केलं. पुढच्या वळणावर परत तेच. धड-धड-धड-धड, आणि गाडी मंदावेल तशी धड... धड... धड. स्टिअरिंगलाही बारीक कंप. शेजारच्या सीटवरून विचारणा झाली, "अहो, गाडी थरथरतेय की तुमचे हात?" कराडहून चिपळूणला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला निघालो की हा प्रश्न कधीतरी यायचाच, या वेळी निदान गाडीवर ढकलता आला.

चिपळुणात मेव्हण्यानं गाडीत न बसताच निदान केलं. "डिस्क तापली, तशीच डबक्यात गेली, वाकली." शेजारच्या भाऊंनी मान डोलावली. गाडी आणि गुडघा या दोन बाबतींत आपल्याकडे प्रत्येकजण डॉक्टर असतो. माझं मन मात्र मानेना. बिडाची ती जाड तबकडी. घाटात ब्रेक दाबदाबून तापते हे खरं, पण पापडासारखी वाकेल?

परत येताना उंब्रजच्या पुढे सरळ, मोकळा रस्ता मिळाला, मागे कोणी नव्हतं, तेव्हा थोडे प्रयोग केले. एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, हीसुद्धा पेडलला असाच धक्का देते, पण करकचून ब्रेक मारला किंवा चाक घसरू लागलं तरच, आणि कटकट आवाज करत. इथे तर नुसता पाय टेकला तरी धडधड. मग वेग तीसवर आणून हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि हँडब्रेक अलगद ओढला. हा मागच्या ड्रमवर लागतो. गाडी लोण्यासारखी मंदावली, ना थरथर ना धक्का. म्हणजे मागची चाकं निर्दोष. स्टिअरिंग हलत होतंच, तेव्हा दुखणं पुढे.

धडधडीचा हिशेब मी घरी कागदावर केला. (निवृत्तीनंतर माणूस असले हिशेब करतो.) आमच्या चाकाचा घेर सुमारे १.८ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला नऊ फेरे मारतं, २० ला तीन. धडधड वेगाबरोबर संथ होत होती, म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी काहीतरी टोचत होतं.

मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं आणि चाकाचेच नट डिस्कवर उलटे लावून डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, घट्ट आवळली. मग शेजारच्या लेथवाल्याकडून डायल गेज आणून त्याचं टोक डिस्कच्या कडेजवळ टेकवलं आणि डिस्क हातानं सावकाश फिरवली. गेजचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. काटा पुढे सरकत गेला, थांबला, तसाच मागे आला. बारा घरं. डोळ्याला डिस्क अगदी सरळ दिसत होती. मिस्त्री काही बोलले नाहीत. डिस्क उतरवली आणि ती जिथे टेकते त्या हबवर बोट फिरवून मला म्हणाले, "हात लावा."

गंजाचा पापुद्रा. नखाएवढा, पण टणक. वायर ब्रशनं, मग पॉलिश पेपरनं ती जागा चकचकीत केली, डिस्क पुन्हा चढवली, गेज लावलं. काटा तीन घरं हलला आणि गप्प.

"सर, डिस्क वाकडी न्हाय. बसल्याली वाकडी हाय."

मग मला आठ महिन्यांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली. परगावी असताना पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. पाऊस, अंधार, गॅरेज बंद व्हायची वेळ, आणि मी त्या पोराच्या डोक्यावर उभा राहून दर दोन मिनिटांनी म्हणत होतो, "आवर रे, लांब जायचंय." त्यानं आवरलं. डिस्क काढली, बेअरिंग बदललं, हब न पुसता डिस्क चढवली. दोष त्याला कोणत्या तोंडानं देऊ?

गंमत अशी, की त्या रात्री गाडी अगदी ठणठणीत चालली होती. तिरकी बसलेली डिस्क लगेच जाणवत नाही. ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्यात तिचा तोच भाग पॅडला, म्हणजे ब्रेक लावताना डिस्कला दोन्हीकडून चिमटणाऱ्या पट्टीला, पुसटसा घासून जातो आणि कणाकणानं झिजतो. आठ महिन्यांत गाडी आठएक हजार किलोमीटर चालली, म्हणजे चव्वेचाळीस लाख फेरे. चौऱ्यांशी लक्ष योनींचा प्रवास आमच्या डिस्कनं निम्म्याहून जास्त उरकला होता! मायक्रोमीटर लावला तर एका बाजूची जाडी दुसरीपेक्षा दोन-तीन घरांनी कमी निघाली. केसाच्या जाडीच्या निम्मंसुद्धा नाही.

एवढंसं पायाला कळतं कसं? जाड भाग आला की पॅड मागे रेटला जातो, त्याच्यामागचा पिस्टन ब्रेक ऑइल मागे ढकलतो. हा पिस्टन रुंद आणि पेडलकडचा बारीक, त्यामुळे तिकडची हालचाल इकडे सहापट होते. वर पेडलची तरफ, ती आणखी चौपट. डिस्कवरचे दोन घरांचे चढउतार तळपायापाशी अर्धा मिलिमीटर होऊन पोचतात. वैद्यानं तीन बोटांनी नाडी बघावी, तशी मी तळव्यानं बघत होतो, तीही चप्पल घालून.

गंज निघाला तरी झीज भरून येत नाही. लेथवर फेस मारून, म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग थोडा तासून सपाट करून घ्यावा, असा माझा विचार होता. मिस्त्रींनी रॉकेलच्या फडक्यानं डिस्कची कड पुसली आणि तिथे कोरलेला किमान जाडीचा आकडा दाखवला. आमची डिस्क त्या आकड्याच्या इतकी जवळ आली होती, की लेथनं तिला थेट भंगारातच धाडलं असतं. तेव्हा दोन्ही बाजूंच्या नव्या डिस्क, नवे पॅड. पैसे गेले, त्याबद्दल घरात जे बोलणं झालं ते इथे नको.

नवे पॅड बसवल्यावर मिस्त्रींनी पथ्य सांगितलं. रिकाम्या रस्त्यावर साठवरून पंधरावर आणायची, पूर्ण थांबवायची नाही, असं दहा वेळा. मग निवांत फिरवून गार होऊ द्यायची. आणि घाट उतरून ब्रेक तापलेले असताना गाडी थांबवली तर पेडल दाबून बसायचं नाही, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुन्हा तेच रडगाणं.

गेल्या महिन्यात पाटणजवळ पंक्चर झालं. काढणाऱ्या पोरानं चाक चढवलं आणि हवेची गन उचलली. मी म्हटलं, "गन नको. पान्यानं आवळ. एक नट, मग त्याच्या समोरचा. थोडा थोडा." त्यानं गन खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं.

"काका, घाई न्हाय ना तुम्हाला?"

खिडकीची काच खाली झाली आणि आतून उत्तर गेलं, "नाही रे बाबा. हल्ली नसते त्यांना."