‘पाऊस’मधला ‘पा’ काढला तर

माझा मुलगा चौथीत असताना प्रतापगडाचा सगळा प्रसंग, शामियान्यापासून सय्यद बंडाचा वार अडवणाऱ्या जिवा महालापर्यंत, आजीला न अडखळता सांगत असे. तोच प्रसंग चाचणीत लिहायला आला तेव्हा त्याने अडीच ओळी लिहिल्या आणि त्यांतली एक ओळ मला वाचता आली नाही. ‘मुलगा हुशार आहे, पण आळशी आहे’, असे बाईंनी सांगितले आणि मी ते मान्य केले. चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून काढायला लावणे, दुसरा क्लास लावणे, रागाच्या भरात एकदा पाठीत धपाटा घालणे, हे सर्व मी केले. दहा वेळा लिहिलेला शब्द अकराव्या वेळी तो पुन्हा निराळ्याच प्रकारे चुकवत असे. हे आळसाचे लक्षण नसावे, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

एका परिचित बालरोगतज्ज्ञांनी त्याच्या वह्या पाहून डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाण्याची, शक्यता बोलून दाखवली आणि आम्हाला महापालिकेच्या रुग्णालयातील अध्ययन अक्षमता विभागात पाठवले. तिथली तपासणी एका दिवसात होत नाही. आधी डोळे आणि कान तपासतात, कारण कमी दिसण्यामुळे किंवा कमी ऐकू येण्यामुळे वाचन मागे पडले असेल तर उपाय वेगळा असतो. मग मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यंकाची चाचणी घेतात आणि त्यानंतर विशेष शिक्षिका वाचन, शुद्धलेखन, आकलन, उतारा पाहून लिहिणे व गणित यांची स्वतंत्र चाचणी घेतात. शाळेचे पत्र, आधीची प्रगतिपुस्तके आणि रोजच्या वह्या सोबत न्याव्या लागतात. वह्या नीटनेटक्या करून नेऊ नयेत, असे मी मुद्दाम सांगेन, कारण खाडाखोडीतूनच त्यांना पुष्कळ कळते. तारखा दूरदूरच्या मिळत गेल्या आणि सर्व पूर्ण व्हायला आम्हाला पाच महिने लागले. कुटुंबात आणखी कोणाला वाचनाचा त्रास होता का, असे विचारल्यावर माझे पती बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मला होता. आजही मी मोठा मजकूर टाळतो.” लग्नाला बारा वर्षे होऊनही हे मला ठाऊक नव्हते.

बुद्ध्यंक उत्तम, वाचन मात्र दुसरीच्या पातळीवर, असा निष्कर्ष निघाला. डॉक्टरांनी त्याचे कारण मुलाच्या समोरच समजावून सांगितले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करून ओळखण्याचे आणि ते अक्षरांशी जोडण्याचे काम बहुतेकांच्या मेंदूत सरावाने आपोआप होऊ लागते. त्याच्या बाबतीत ते आपोआप होत नाही, ते पायरी पायरीने शिकवावे लागते. घरी परतताना त्याने विचारले, “म्हणजे मी ‘ढ’ नाही ना, आई?” वर्गात त्याला हे नाव पडले होते आणि दोन वर्षे त्याने ते आमच्यापासून लपवून ठेवले होते.

अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र हातात आले की बरेच पालक थांबतात. त्यामुळे मिळणाऱ्या परीक्षेतल्या सवलती महत्त्वाच्या आहेतच. महाराष्ट्रात त्या 1996 पासून मिळू लागल्या आणि 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला (डिस्लेक्सिया त्यातच येतो) देशभर मान्यता दिली. परंतु प्रमाणपत्राने मूल वाचू लागत नाही. वाचू लागते ते शिकवल्याने. आम्ही आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिकेकडे जाऊ लागलो आणि पहिले सहा आठवडे त्यांनी पुस्तक उघडलेच नाही, तेव्हा मी अस्वस्थ झाले होते. त्या फक्त कानाचे खेळ घेत असत. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते? ‘मळ’. ‘पाऊस’मधला ‘पा’ काढला तर? ‘ऊस’. हे त्याला इतके अवघड जात असे की कपाळावर घाम यायचा. रिक्षात, भाजी निवडताना, झोपताना आम्ही हाच खेळ खेळत राहिलो, आणि पुढे तो स्वतःच मला ‘सकाळ’ आणि ‘वादळ’ची कोडी घालू लागला.

अक्षरे मग रव्याच्या ताटात आली. बोटाने गिरवायचे आणि गिरवताना तो ध्वनी मोठ्याने उच्चारायचा, म्हणजे डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लागतात. माझ्या सासूबाईंनी ते ताट पाहिले आणि त्यांचे आजोबा धूळपाटीवर असेच शिकल्याचे सांगितले. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या विशेष शिक्षिका कधीही एकत्र शिकवत नसत. एक पक्के झाल्यावर बरेच दिवस जाऊ देऊन मगच दुसरे घेत.

आपल्या लिपीतली खरी अडचण मला त्यानंतर समजली. पहिली वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते, पण कागदावर अक्षराच्या आधी काढलेली असते. त्यामुळे ‘शिवाजी’मधली वेलांटी त्याच्या वहीत हमखास ‘व’वर जात असे. आधी अक्षर लिहायचे आणि मग डावीकडे येऊन रंगीत पेन्सिलीने वेलांटी द्यायची, अशी सवय लावल्यावर ही चूक कमी झाली. ‘र’ने तर आम्हाला वर्षभर पुरवले. ‘सूर्य’मध्ये तो ‘य’च्या आधी ऐकू येतो आणि त्याच्या डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’मध्ये पोटात शिरतो, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी जातो, आणि सुशिक्षित मोठ्या माणसांना यात काही विचित्र वाटतच नाही. मराठीत ध्वनी आणि अक्षर यांचे नाते बऱ्यापैकी नियमित असल्यामुळे नियम बसल्यावर त्याचे वाचन अचूक होत गेले. वेग मात्र आजही कमी आहे. इंग्रजीत ‘पुट’ आणि ‘बट’ या दोन्हींत मधले अक्षर तेच असते, म्हणून तिथला झगडा अधिक लांबला.

वाचन मागे असले तरी समज मागे राहू नये, यासाठी माझे पती रोज रात्री त्याला वाचून दाखवू लागले. ते स्वतः अडखळत वाचत असत आणि तसे मोकळेपणाने सांगतही असत. आत्मविश्वास वाढवण्यासाठी आम्ही केलेल्या सगळ्या कौतुकापेक्षा या अडखळण्याचा उपयोग जास्त झाला, असे माझे ठाम मत आहे.

शाळेकडे मी लेखी विनंती केली की त्याला वर्गात अचानक उभे करून वाचायला लावू नये, वाचायचा उतारा आदल्या दिवशी द्यावा आणि शुद्धलेखनाच्या चुकांसाठी इतिहासाचे गुण कापू नयेत. वर्गशिक्षिकांनी लगेच मान्य केले. एका शिक्षकांना हा इतर मुलांवर अन्याय वाटत होता. त्यांच्याशी तीनदा बोलावे लागले आणि तिसऱ्या भेटीत मी फक्त मुलाच्या तोंडून धडा ऐकण्याची विनंती केली. त्यांनी पंधरा मिनिटे ऐकले. त्यानंतर तोंडी परीक्षेला त्यांनी कधी नकार दिला नाही.

आता तो आठवीत आहे. चौदाव्या वर्षी प्रमाणपत्रासाठी पुन्हा तपासणी करावी लागते, तशीच अठराव्या वर्षीही. या वेळी वह्या त्याने स्वतः निवडून पिशवीत भरल्या आहेत. दहावीला लेखनिक घ्यावा, असे मला वाटते. त्याला लेखनिक नको आहे. वाढीव वेळ मिळाला तर स्वतः लिहीन, असे तो म्हणतो. उत्तर दुसऱ्याला सांगून लिहून घेणे हेही शिकावे लागते, म्हणून सध्या आम्ही दर रविवारी दोन्ही प्रकारे एकेक उत्तर लिहून पाहतो, आणि निर्णय नववीच्या अखेरीस तो घेणार आहे.